संगणक-मार्गदर्शित दंतरोपणाची अचूकता
गमावलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात टायटेनियमचा स्क्रू बसविताना संगणकावर आधी मुक्रर केलेली त्याची जागा, खोली व कल आणि शस्त्रक्रियेनंतर प्रत्यक्ष आढळणारी त्याची स्थिती यांतील तफावत जितकी अल्प, तितके ते रोपण अचूक मानले जाते.

स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रानेमार्क यांनी 1965 मध्ये टायटेनियमचे दंतरोपण केले, तेव्हा सारी मदार शल्यचिकित्सकाच्या नजरेवर व हातावर होती. आता मात्र कोन-बीम सीटी या त्रिमितीय क्ष-किरण चित्रणाशी दात-हिरड्यांचे पृष्ठचित्रण जुळवून आराखडा सिद्ध होतो व त्याबरहुकूम घडविलेला, धातूच्या नळ्यांचा साचा ड्रिलला दिशा देतो.

2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतशीर समीक्षेनुसार अशा साच्याच्या वापरात सरासरी तफावत रोपणाच्या मुखाशी 1.2 मिमी., टोकाशी 1.4 मिमी. व कलात 3.5 अंश आढळली. चित्रणसमयी रुग्णाची हालचाल, चित्रांच्या जुळणीतील दोष, साच्याची डळमळ, नळी व ड्रिल यांमधील सूक्ष्म फट, या साऱ्यांचा परिणाम एकत्र साचत जातो. म्हणूनच शेजारच्या दातांवर घट्ट बसणारा साचा दबणाऱ्या हिरडीवर टेकलेल्या साच्याहून सामान्यतः अधिक भरवशाचा ठरतो.

अशा तफावतीमुळे खालच्या जबड्यातील चेतातंतूस इजा झाल्यास ओठ व हनुवटी बधिर होण्याचा संभव असल्याने, आराखड्यातच त्या तंतूपासून सुमारे 2 मिमी. सुरक्षित अंतर राखणे हे चिकित्सकाचे अनिवार्य कर्तव्य होय.