मुलांसाठी नेमबाजीचं पहिलं पिस्तूल घेताय? आधी हात बघा, मग पैसे मोजा

छत्रपती संभाजीनगर : शाळेच्या नेमबाजी स्पर्धेत पोरीनं चांगले गुण मारले की घरी पहिला विषय निघतो तो पिस्तुलाचा. कापसाचे पैसे हातात आलेले असतात, मोबाईलवर व्हिडिओ बघितलेले असतात, आणि वडील म्हणतात, "घेऊन टाकू एकदाचं." इथंच थोडं थांबा. चांगलं स्पर्धेचं पिस्तूल लाखाच्या पुढं जातं. चुकीचं घेतलं तर पैसा तर अडकतोच, पण हाताला लागलेली चुकीची सवय मोडायला पुढं वर्ष जातं. कन्नड, सोयगाव, वैजापूर, पैठणपासून सगळ्या तालुक्यांतल्या पालकांसाठी ही माहिती एका ठिकाणी देत आहोत.

सुरुवात कोणत्या पिस्तुलानं?

१० मीटर एअर पिस्तुलानं. यात बारूद नसते, दाबलेल्या हवेवर ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा सुटतो. राही सरनोबत हिनं २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं ते २५ मीटर पिस्तूल प्रकारात. त्या प्रकारातलं .२२ बोअरचं पिस्तूल हे अग्निशस्त्र आहे, त्याला परवाना लागतो. ती पायरी नंतरची.

मोठ्या स्पर्धेत ६० शॉट आणि ७५ मिनिटं मिळतात. पिस्तूल एका हातातच धरायचं, दुसऱ्या हाताचा आधार चालत नाही. टार्गेटवरची दहा गुणांची रिंग ११.५ मिलिमीटरची असते, म्हणजे रुपयाच्या नाण्याच्या जवळपास निम्मी. ती दहा मीटरवरून साधायची.

काय घेऊ नये

ऑनलाइन पाच-सात हजारात मिळणारं स्प्रिंगचं पिस्तूल स्पर्धेच्या कामाचं नाही. ते ताणायला जड जातं, सुटताना झटका देतं आणि ट्रिगर ओबडधोबड असतो. पोलिसांच्या पिस्तुलासारखं दिसणारं, गोल लोखंडी गोळ्या मारणारं गॅसचं पिस्तूलही चालत नाही. दुर्बीण, लेझर, लाल ठिपक्याची साइट यांना या प्रकारात बंदी आहे. मागची खाच आणि पुढची माशी, एवढ्यावरच नेम धरायचा असतो.

नियमात बसतं का?

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचे नियम आपल्याकडंही लागू होतात. घेण्याआधी एवढं तपासा :

- वजन : जास्तीत जास्त १५०० ग्रॅम
- माप : ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे
- ट्रिगर : कमीत कमी ५०० ग्रॅम. स्पर्धेआधी ट्रिगरला अर्धा किलोचं वजन अडकवून पिस्तूल उचलतात. ते वजन पेललं नाही तर पिस्तूल पास होत नाही
- ग्रिप : मनगट मोकळं राहिलं पाहिजे, त्याला टेकू मिळता कामा नये. पिस्तूल धरलेल्या हातात घड्याळ किंवा कडंही चालत नाही

सगळ्यात आधी ग्रिप

पिस्तूल निवडताना लोक नळी बघतात, कंपनी बघतात. बघायची असते ग्रिप, म्हणजे हातात धरायची लाकडी मूठ. स्टायर, मोरिनी, पार्डिनी, वॉल्थर, फाइनवर्कबाऊ या नावाजलेल्या परदेशी कंपन्यांची पिस्तुलं दहा मीटरवरून एकाच भोकात छर्रे घालतात. त्यामुळं नवशिक्याच्या हातात नळीचा दोष क्वचितच निघतो. फरक पडतो तो मुठीचा.

ग्रिप लहान, मध्यम, मोठी अशा मापात येते, उजव्या-डाव्या हाताची वेगळी असते. कसोटी सोपी आहे. मुलाला पिस्तूल नीट धरायला सांगा, डोळे मिटून हात समोर उचलायला सांगा, मग डोळे उघडू द्या. माशी खाचेच्या मधोमध दिसली तर मूठ बसली. दर वेळी माशी एकाच बाजूला गेली तर मूठ हाताला जुळत नाही. थोडाफार फरक असेल तर लाकूड घासून किंवा पुट्टी लावून जुळवता येतो, पण ते प्रशिक्षकाच्या नजरेखालीच करा. मूठ दोन मापांनी मोठी असेल तर घासून काही होत नाही.

दुसरी गोष्ट वजन. स्पर्धेची बरीच पिस्तुलं साधारण एक किलोच्या आसपास असतात. मोठ्या माणसाला ते काहीच वाटत नाही, पण बारा-तेरा वर्षांच्या पोरीला हात लांब करून पंधरा सेकंद धरायला लावा, मग कळतं. खांदा वर चढत असेल किंवा कंबर मागं वाकत असेल तर ते पिस्तूल तिला जड आहे. काही कंपन्या आखूड, हलकं मॉडेल काढतात, त्याची चौकशी करा. "वाढत्या अंगाचं घेऊ" हे कपड्यांना चालतं, पिस्तुलाला नाही.

ट्रिगर : साधा की इलेक्ट्रॉनिक?

इलेक्ट्रॉनिक ट्रिगर मऊ असतो, पण त्यात बॅटरी आणि सर्किट आलं. टोकियो ऑलिम्पिकमध्ये २०२१ साली मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला. दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली आणि तिची अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. पुढं २०२४ ला पॅरिसमध्ये तिनं दोन कांस्यपदकं मिळवली. पण तिच्या मदतीला प्रशिक्षकांचा ताफा होता, आपल्या तालुक्यात दुरुस्ती करणारा माणूस मिळत नाही. म्हणून पहिलं पिस्तूल साध्या, मेकॅनिकल ट्रिगरचं बरं.

एक सोय मात्र आवर्जून बघा : ड्राय फायर. छर्रा न भरता ट्रिगर दाबून सराव करता येतो, हवा खर्च होत नाही. सोयगाव किंवा कन्नडचा विद्यार्थी रोज शहरातल्या रेंजवर येऊ शकत नाही. त्याचा निम्मा खेळ घरच्या भिंतीसमोर ड्राय फायरवरच घडतो.

हवेचा सिलिंडर : इथं चूक नको

आजकालच्या पिस्तुलाला छोटा सिलिंडर असतो, त्यात साधारण २०० बार दाबानं हवा भरतात. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरनं ती भरत नाही. त्यासाठी खास हातपंप किंवा क्लबमधला मोठा सिलिंडर लागतो. वेल्डिंगचा किंवा दवाखान्यातला ऑक्सिजन कधीही भरू नका. तेल-ग्रीसच्या संपर्कात दाबाखालचा ऑक्सिजन पेट घेतो, स्फोट होऊ शकतो.

सिलिंडरवर तारीख असते आणि साधारण दहा वर्षांची मुदत असते. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत वापरायचा नाही.

जुनं घेताना

जुनं पिस्तूल घ्यायला हरकत नाही, खूप जण तिथूनच सुरुवात करतात. फक्त हे बघा : सिलिंडरची तारीख, मूळ बिल, बिलावरचा आणि पिस्तुलावरचा नंबर एकच आहे का, सील मिळतात का. संध्याकाळी सिलिंडर लावून काट्यावरचा आकडा लिहून ठेवा, सकाळी परत बघा. आकडा उतरला असेल तर हवा गळते आहे.

कायदा काय म्हणतो?

२०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० जूलपर्यंत ताकदीच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. स्पर्धेच्या पिस्तुलाची ताकद सात जूलच्या आसपास असते. तरी दुकानदार ओळख, पत्ता आणि वयाचा पुरावा मागेल, तो द्या. बिल जपून ठेवा आणि प्रवासात पिस्तुलाच्या पेटीतच त्याची प्रत ठेवा. बिलाशिवाय कुणी "स्वस्तात देतो" म्हणाला तर घेऊ नका.

परवाना नाही म्हणजे खेळणं नाही. छर्रा डोळा फोडतो. पक्ष्यांवर, कुत्र्यांवर नेम धरू नका. पिस्तूल हातात घेऊन स्टेटस टाकू नका. लांबून ते खरंच दिसतं आणि पोलीस दारात येतात. छर्रे शिशाचे असतात, सराव झाला की साबणानं हात धुऊनच भाकरीला हात लावा.

मग सुरुवात कुठून?

क्रम असा ठेवा. आधी शाळेच्या क्रीडा शिक्षकांकडं आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात रेंज आणि प्रशिक्षकाची चौकशी करा. पहिले पाच-सहा महिने क्लबच्या पिस्तुलावर सराव होऊ द्या. शक्य असेल तर दोन-तीन वेगळ्या कंपन्यांची पिस्तुलं हातात घेऊन बघू द्या. मुलाची गोडी टिकली, गुण वाढत गेले आणि प्रशिक्षक "आता स्वतःचं हवं" म्हणाले, की मगच बाजारात जा. जाताना मुलाला सोबत न्या, कारण मूठ त्याच्या हाताची आहे.

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ ला पॅरिसमध्ये रायफलमध्ये कांस्यपदक घेऊन आला. त्याची सुरुवात शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून झाली होती. गावाकडच्या पोरांसाठी ती वाट आजही आहे. सहा महिन्यांनी पोरीचं मन खेळातून उडालं, तर क्लबचं पिस्तूल परत करता येतं. व्याजानं काढलेल्या पैशाचं मात्र तसं नसतं.