पोतदार : एका आडनावाचा शोध



आमचा मूळपुरुष कोणा सरदाराचा खजिनदार होता, अशी आख्यायिका आमच्या पोतदार घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिची शहानिशा करावयाची तर आरंभ आडनावापासूनच केला पाहिजे.

फार्सीत ‘फोता’ म्हणजे सरकारी वसूल, खजिना; तो सांभाळणारा फोतेदार. मराठीत त्याचा पोतदार झाला, उत्तरेत पोद्दार. खजिन्याचा हिशेब लिहिणारा तो पोतनीस. गावगाड्यातील पोतदाराचे मुख्य काम मात्र नाणी पारखण्याचे असे आणि ते बहुधा सोनाराकडे असे. म्हणूनच हे आडनाव दैवज्ञांत आढळते, तसेच देशस्थ ब्राह्मणांतही आढळते. आडनाव एक म्हणून कूळ एक, हे अनुमान येथे टिकत नाही.

या पारखीची गरज का पडे? आपल्या बेळगाव प्रांतात सोन्याचे होन चालत, शहापूरच्या टांकसाळीतला शहापुरी रुपया चाले, आणि परमुलखातले रुपयेही येत. प्रत्येकाचे वजन निराळे, कस निराळा, म्हणून बट्टाही निराळा. रयतेने सारा भरला की पोतदार नाणे तोलून पाही, वाजवून त्याचा नाद ऐकी, शंका आल्यास कस लावी. खरे नाणे खोटे ठरविले तर कुणबी बुडे. खोटे खरे ठरविले तर सरकार बुडे.

आमच्या घरच्या मोडी कागदांत सरदाराचा खजिना कोठेच नाही. गावच्या वसुलातील नाणी पारखणे आणि त्याबद्दल रयतेकडून धान्य घेणे, एवढाच उल्लेख आहे. तो वाचून दाखविला तेव्हा वडीलधारी मंडळी खट्टू झाली. हा कागद बाहेर काढू नये, असेही एकाने सुचविले. मला मात्र दोन्ही पक्षांनी ज्याच्या शब्दावर विसंबावे असा पूर्वज लाभला, यातच धन्यता वाटते.

१८१८ मध्ये बेळगाव कंपनी सरकारच्या ताब्यात गेले. १८३५ च्या कायद्याने कंपनीच्या मुलखासाठी एकाच वजनाचा व कसाचा रुपया ठरला, आणि पोतदाराचे काम हळूहळू सरले. आडनाव तेवढे मागे राहिले.

कुलकर्णी, देसाई, चौगुले, सबनीस ही आपल्यातील आडनावेही मुळात कामांचीच नावे होत. माझी विनंती एवढीच, की माळ्यावरील रुमाल रद्दीत जाण्यापूर्वी मोडी जाणणाऱ्याकडून वाचवून घ्यावेत, आणि त्यांतून जो पूर्वज निघेल त्याला आपला म्हणावे.