चातुर्मासाची पोथी

यवतमाळ जिल्ह्यांतील कळंब हें गांव चिंतामणीच्या देवळाकरितां प्रसिद्ध आहे. इतरत्र देवदर्शनाला पायऱ्या चढाव्या लागतात. येथें त्या उतरून खालीं कुंडाशीं जावें लागतें. गौतमाच्या शापांतून सुटण्यासाठीं इंद्रानें येथें गणेशाची आराधना केली, ही कथा गणेशपुराणाशीं जोडली जाते. तेव्हां अशा क्षेत्राच्या आसपास आषाढी एकादशीला चातुर्मास लागतांच घरोघर गणेशपुराणच निघत असावें, असा कोणाचाहि तर्क होईल. परंतु तो ग्रंथ संस्कृतांत. तो ऐकावयाचा तर पुराणिक पाहिजे, आणि पुराणिकाला दक्षिणा पाहिजे. मराठी घराला हवी होती ती अशी पोथी, जी अक्षरओळख झालेल्या मुलाला वाचतां येईल आणि चूल आटोपून बसलेल्या आजीला समजेल.

ही गरज श्रीधरस्वामींनीं भागविली. त्यांचा ‘हरिविजय’ १७०२ सालीं पुरा झाला, ‘रामविजय’ १७०३ सालीं, ‘पांडवप्रताप’ १७१२ सालीं व ‘शिवलीलामृत’ १७१८ सालीं. जुन्या हस्तलिखितांत शब्द सुटे लिहीत नसत; सारी ओळ सलग. तरीहि वाचणारा अडखळला कीं ओवीचें यमक त्याला सांवरून घेई. पंडितांनीं श्रीधरांना मोरोपंतांच्या पंक्तीला बसविलें नाहीं; ओसरीनें तो प्रश्न विचारलाच नाहीं.

आतां निवड कशी होई? भक्तीइतकाच येथें हिशेबहि चाले. एकादशीपासून एकादशीपर्यंतचे चार चांद्र महिने म्हणजे सुमारें ११८ दिवस. ‘हरिविजया’चे अध्याय ३६, ‘रामविजया’चे ४०, ‘पांडवप्रतापा’चे ६४, ‘शिवलीलामृता’चे मूळ १४. रोज एक अध्याय धरला तर एकट्या ‘हरिविजया’ला श्रावण अपुरा पडतो, पण ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’ व ‘शिवलीलामृत’ मिळून ११४ होतात आणि चातुर्मास जवळजवळ भरतो. मध्यें अधिक मास आला तर आणखी एक महिना हातीं येतो. ज्यांना एवढी सवड नाहीं, ते ‘शिवलीलामृता’चा अकरावा अध्याय तेवढा नित्य वाचतात.

महिपतीचा ‘भक्तिविजय’ १७६२ चा. त्याचे अध्याय ५७. त्यांत चोखामेळ्याची कथा आहे, आणि ती ऐकून श्रोत्यांचे डोळे भरत. परंतु चोखोबाच्याच जातीच्या माणसाला त्या ओसरीची पायरी चढण्याची मुभा नसे. ग्रंथ उदार निवडला, पण श्रोते निवडतांना ती उदारता कोठें गेली, हें त्या घरांना विचारण्यासारखें आहे.

छापखान्यानें ही निवड पालटली. गणपत कृष्णाजींनीं मुंबईस १८३१ सालीं शिळाछापावर पंचांग काढलें, आणि पुढें छापील पोथ्या बाजारांत आल्या. १८५३ सालीं निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केला. लगेच पुढच्या वर्षीं परशुरामतात्या गोडबोल्यांचें ‘नवनीत’ निघालें. मुक्तेश्वर, वामन, मोरोपंत आदि कवींचे वेंचे एका पुस्तकांत आले, आणि कोणतें काव्य वाचावें हें ठरविण्याचें काम तिथीकडून संपादकाकडे गेलें.

गोडबोल्यांची रसिकता मोठी होती, याविषयीं वाद नाहीं. पण वेंचा म्हटला कीं मागची कथा सुटते. शाळेंतल्या मुलाला श्लोक पाठ होई, आणि त्या प्रसंगापूर्वीं काय घडलें हें तो घरीं येऊन आजीला विचारी. आजीला वाचतां येत नसे. तरी श्रावणामागून श्रावण ऐकलेली कथा ती त्याला पहिल्यापासून सांगे.