गावाची मालमत्ता आणि तिची दाखलनोंद

ग्रंथालयात पुस्तक आले की ते प्रथम दाखल नोंदवहीत उतरते, मगच कपाटात जाते. जीर्ण झाले तर बांधणीला जाते आणि अगदीच निकामी ठरले तर रीतसर ठराव करून बाद केले जाते. शतक ओलांडलेल्या संस्थेला ही शिस्त अंगवळणी पडलेली असते. गावची विहीर, शाळा, पूल, पाण्याची टाकी यांच्या वाट्याला मात्र ती क्वचितच येते. उद्घाटनाची पाटी तेवढी लागते. वास्तू कोणाच्या दप्तरी आहे, याचा शोध ती नादुरुस्त झाल्यावर सुरू होतो. पैनगंगेच्या दक्षिणेकडील भीमपूर परिसराचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. येथे वास्तू जागच्या जागी राहिल्या, त्यांचे धनी मात्र वारंवार बदलले.

निजामी अमलात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकलफंड घेतला जाई आणि त्यातून रस्ते, विहिरी, शाळा यांची कामे होत. 1905 मध्ये आदिलाबादला पूर्ण जिल्ह्याचा दर्जा मिळाला. वरिष्ठ कचेऱ्यांचा कारभार उर्दूत चाले. गावचे दप्तर पटवाऱ्याच्या घरी असे. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत राजुरा व किनवट हे तालुके द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले. आदिलाबाद आंध्र प्रदेशात राहिला. पुढे 1959 मध्ये पंचायत समित्या आल्या. 1984 मध्ये पाटील-पटवाऱ्यांची वंशपरंपरा संपली, 1986 च्या कायद्याने समित्यांची जागा मंडळ परिषदांनी घेतली आणि 11 ऑक्टोबर 2016 रोजी आदिलाबादचे चार जिल्हे होताना तामसी मंडळातून भीमपूर मंडळ वेगळे निघाले. प्रत्येक फेरबदलात खुर्च्या व शिक्के तत्परतेने बदलतात. मोऱ्या आणि पाणवठे यांच्या याद्या तितक्याच तत्परतेने नव्या कचेरीत पोहोचतात, असे मानणे भाबडेपणाचे होईल.

धनी एकामागून एक बदलले तर एवढा घोळ होतो. मग एकाच वेळी दोन धनी असले तर? जुन्या आदिलाबाद जिल्ह्याच्याच पूर्वेकडील डोंगराळ भागात याचे उत्तर सापडते. केरामेरी मंडळ आणि चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुका यांच्या सीमेवरील परांडोळी, मुकदमगुडा आदी गावांवर दोन्ही राज्ये हक्क सांगत आली. बहुसंख्य वस्ती मराठी बोलणारी. तेथे एक शाळा मराठी, एक तेलुगू; सरपंच दोन, शिधापत्रिकाही दोन. बाहेरून आलेल्याला हे भाग्य वाटेल! परंतु दोन राज्यांनी बांधले म्हणून दोघेही दुरुस्ती करतीलच, असे नाही. उलट एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवायला ती सोयीची जागा होते. वास्तू दुप्पट झाल्या, पण त्यांचे पालकत्व निश्चित झाले नाही. याउलट पैनगंगेवरील चनाका-कोरटा बंधाऱ्यासाठी दोन्ही राज्यांनी ऑगस्ट 2016 मध्ये लेखी करार केला. मोठ्या कामाला करार सुचतो. हापशासाठी तो कोणाला सुचावा?

नदीपलीकडे महाराष्ट्रात 2011 च्या ग्रामपंचायत लेखासंहितेने नोंदींचे ठरावीक नमुने दिले आहेत: स्थावर मालमत्तेसाठी 22, ताब्यातील रस्त्यांसाठी 23, जमिनींसाठी 24. झाडांनाही स्वतंत्र नमुना आहे. नोंदवही असली म्हणजे रस्ता सुस्थितीत राहतोच असे नाही, पण निदान जाब कोणाला विचारावा, हे कळते. अलीकडे तेलंगणात 2018 च्या पंचायत राज कायद्याने पाचशेहून अधिक वस्तीच्या तांड्यांना व गुड्यांना स्वतंत्र पंचायती मिळाल्या, आणि 2019 नंतरच्या 'पल्ले प्रगती' मोहिमेत ट्रॅक्टर, टँकर, रोपवाटिका, स्मशानभूमी अशी मालमत्ता एकाएकी लहानशा पंचायतींच्या नावे आली. घर मोठे झाले. ते सांभाळण्याचा वार्षिक खर्च कोठून यावा, हा प्रश्न मागे राहिला. डिझेल, वीजदेयक, सफाई कामगारांचे वेतन ही उद्घाटनाच्या भाषणात न येणारी कलमे होत.

फेब्रुवारी 2024 मध्ये सरपंचांची मुदत संपली, विशेष अधिकारी आले आणि डिसेंबर 2025 च्या निवडणुकांनंतर नवे सरपंच आले. पदभार घेताना शिक्का आणि धनादेशपुस्तिका मोजून घेण्याचा प्रघात आहे. त्याच बैठकीत विहिरींपासून दिव्यांपर्यंतची यादी, आज ती कोणत्या स्थितीत आहेत यासह, वाचली जावी, आणि जेथे घरोघरी मराठी बोलली जाते तेथे तेलुगूबरोबर मराठीतही. तिची एक प्रत जवळच्या ग्रंथालयाने मागून घ्यावी आणि दाखल अंक देऊन ठेवावी.