‘संस्थान’ हा कर्ता : अहेरीची सीमा आणि बस्तरचा १९१० चा उठाव

‘अमुक संस्थानाने इंग्रजांस साह्य केले’, ‘अमुक संस्थान बंडात सामील झाले’ अशी वाक्ये इतिहासलेखनात वारंवार आढळतात. व्याकरणदृष्ट्या ती निर्दोष असतात. परंतु ‘संस्थान’ हा एकवचनी कर्ता योजताच त्याच्या पोटातील परस्परविरोधी हेतू झाकले जातात. ब्रिटिश अमलातील मध्य प्रांताच्या दक्षिण टोकास अहेरीची जमीनदारी आणि बस्तरचे मांडलिक राज्य एकमेकांस लागून होते. तेथील इतिहास या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

१८५८ साली चांदा जिल्ह्यात मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके व अडपल्लीचे व्यंकटराव यांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांनी बाबुरावांना पकडून इंग्रजांच्या स्वाधीन केले व २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांदा येथे त्यांना फाशी देण्यात आली. व्यंकटरावांनी बस्तरचा आश्रय घेतला. पण १८६० मध्ये तेथील राजाने त्यांनाही इंग्रजांच्या हवाली केले. सीमा ओलांडल्याने बंडवाल्यास अभय मिळाले नाही. मात्र बाबुरावांच्या बाबतीत पकडणारे व पकडले गेलेले हे दोन्ही पक्ष त्याच गोंड जमीनदारवर्गातील होते, हे विसरता येत नाही.

पन्नास वर्षांनंतर बस्तरमध्येच वणवा पेटला. राखीव जंगलांची योजना, वेठबिगार, मद्यविक्रीचे मक्ते आणि दिवाण बैजनाथ पंडा यांच्या कारभाराविषयीचा असंतोष ही त्याची प्रमुख कारणे होत. आंब्याच्या डहाळ्या व लाल मिरच्या गावोगाव फिरवून उठावाचा संकेत देण्यात आला. फेब्रुवारी १९१० मध्ये बाजार, शाळा, पोलीस ठाणी यांवर हल्ले झाले. या उठावास ‘भूमकाल’ म्हणतात. नेतानारचा गुंडाधूर हा त्याचा सर्वांत प्रसिद्ध नायक.

अशा वेळी ‘बस्तर’ कोणत्या बाजूस होते? राजा रुद्रप्रताप देव यांनी इंग्रजांकडे मदत मागितली. उलट, राजघराण्यातीलच, पूर्वी दिवाणपद भूषविलेले लाल कालेंद्रसिंह आणि राजाची सावत्र आई सुबरन कुँवर यांची गणना उठावाच्या सूत्रधारांत झाली. म्हणजे एकच राजवाडा दोन्ही पक्षांत विभागला गेला होता. आणि राजवाड्याबाहेरील प्रजेचे गाऱ्हाणे त्या कलहाहून वेगळे, जंगल व जमीन यांच्याशी निगडित होते.

लष्करी बाजू तितकीच बोलकी आहे. उठाव मोडण्याइतके बळ संस्थानापाशी नव्हते. रायपूरकडून तसेच मद्रास इलाख्यातील जयपूरच्या बाजूने सशस्त्र दले आत आली आणि त्यांनीच उठाव दडपला. गुंडाधूर मात्र कधीच हाती लागला नाही. राखीव करावयाच्या जंगलाचे क्षेत्र पुढे सुमारे निम्म्यावर आणावे लागले. रणांगणावर पराभूत झालेल्यांनी जंगलाच्या प्रश्नावर अंशतः का होईना, माघार घ्यावयास लावली, असा याचा अर्थ होतो.

सारांश, सीमावर्ती राज्याची ‘भूमिका’ सांगताना राजा, राजघराणे, दिवाण, बाहेरून आलेले सैन्य आणि रयत हे निरनिराळे कर्ते वेगळे काढले पाहिजेत. अन्यथा राजाने मागितलेली मदत सर्व प्रजेच्या नावे लिहिली जाते, आणि ज्यांनी किंमत मोजली ते वाक्यात कोठेच उरत नाहीत.