रत्नागिरी : नागरी आरोग्य व स्थानिक संस्थांचे सहकार्य

रत्नागिरी शहर आणि त्याला लागून वाढलेली गावे यांच्यासाठी नगरपरिषद, ग्रामपंचायती व जिल्हा परिषद यांनी एकत्र चालवायचे रोगप्रतिबंध, पाणी व स्वच्छता यांचे काम. नगरपरिषदेची स्थापना 1876 ची. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे 76 हजार होती; पण नाचणे, कुवारबाव, मिरजोळे, शिरगाव येथील दाट वस्ती धरल्याशिवाय शहराच्या आरोग्याचा हिशेब लागत नाही. ही गावे राहणीने शहर आणि कारभाराने ग्रामपंचायत आहेत. खरी अडचण इथेच आहे.

साथींची आठवण इथे जुनी आहे. 1924 मध्ये शहरात प्लेग पसरला, तेव्हा स्थानबद्धतेत असलेल्या वि. दा. सावरकरांना काही काळ नाशिकला राहण्याची परवानगी सरकारने दिली होती.

शहराची स्वच्छता 1965 च्या नगरपरिषद अधिनियमानुसार नगरपरिषदेकडे आणि गावांची 1958 च्या कायद्यानुसार ग्रामपंचायतींकडे येते. प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या हाताखाली असतात. जिल्हा रुग्णालय आणि हिवताप कार्यालय राज्य शासनाचे. यांपैकी कोणी कोणाचा वरिष्ठ नाही. त्यामुळे साथीच्या दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडची बैठक हाच या सर्वांना बांधणारा धागा ठरतो.

डेंग्यूच्या कामात हे सर्वांत स्पष्ट दिसते. डेंग्यू पसरवणारा एडिस डास जन्मलेल्या ठिकाणापासून काहीशे मीटरच्या आत वावरतो. मधली हद्द त्याला अडवत नाही. शहरात ताप तपासून घेणाऱ्या रुग्णाचा पत्ता अनेकदा शेजारच्या ग्रामपंचायतीतला निघतो. तो त्याच दिवशी तिथल्या उपकेंद्राला कळला, तरच आरोग्यसेवक घरोघरी जाऊन पिंप, टाक्या, फ्रिजमागचे भांडे पाहतो, अळी सापडली तर पाणी ओतायला लावतो किंवा ॲबेट हे अळीनाशक टाकतो. साठवणीची भांडी रिकामी करून सुकवण्याचा आठवड्याचा कोरडा दिवस शहराने पाळला आणि पलीकडच्या वाडीने नाही, तर मेहनत वाया जाते. शहराबाहेरच्या बंद चिरेखाणींत पावसाचे पाणी साठते. तिथे डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडावे लागतात. मिरकरवाडा बंदरातले परप्रांतीय खलाशी आणि हापूसच्या बागांत राखणीला येणारे नेपाळी कामगार यांची हिवतापासाठी रक्ततपासणीही हद्दीचा विचार न करता व्हायला हवी.

पाण्याचेही तसेच. शहराला पाणी देणारी शीळ आणि पानवल ही धरणे शहराबाहेर, गावांच्या परिसरात आहेत; पाणलोट स्वच्छ ठेवणे एकट्या नगरपरिषदेच्या हातात नाही. जांभा दगड सच्छिद्र असल्याने शोषखड्ड्यातले पाणी शेजारच्या विहिरीत सहज उतरते. म्हणून गावोगावचा जलसुरक्षक टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्यावर पाण्यात क्लोरीन उरला आहे का हे पाहणारी ओटी चाचणी घेतो, नमुने जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत जातात आणि धोक्याच्या ग्रामपंचायतीला लाल कार्ड मिळते. ही साखळी बऱ्यापैकी रुळलेली आहे.

कचऱ्याबाबत मात्र सहकार्य कमी पडले. शहराच्या घनकचरा प्रकल्पासाठी दांडेआडोम येथील जागा ठरली. ग्रामस्थांच्या विरोधामुळे काम वर्षानुवर्षे रेंगाळले. शहराचा कचरा आपल्या दारात का, हा गावाचा प्रश्न रास्त आहे. गावांचा कचराही त्याच प्रकल्पात घेणे आणि देखरेखीत ग्रामपंचायतीला अधिकार देणे, ही त्याची किमान उत्तरे आहेत.

संकटात मात्र हद्दीपलीकडूनही मदत येते. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठी नदीच्या पुराने याच जिल्ह्यातले चिपळूण बुडाले, तेव्हा गाळ उपसायला राज्यातल्या इतर नागरी संस्थांची सफाई पथकेही आली. पुरानंतर लेप्टोस्पायरोसिसचा धोका वाढतो. तो टाळण्यासाठी चिखलात उतरणाऱ्यांना डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या दिल्या जातात.