मेमरी कार्डाचे विभाजन : रूट केलेल्या अँड्रॉइड फोनमधील बिघाड व त्यांचे निवारण

कमी अंतर्गत साठवण असलेला अँड्रॉइड फोन रूट करून, म्हणजे त्याच्या प्रणालीवर मालकाचा पूर्ण ताबा मिळवून, मायक्रोएसडी कार्डाचे दोन भाग पाडायचे आणि दुसऱ्या भागात ॲप ठेवायची, ही २०१० नंतरच्या काही वर्षांत भारतभर रूढ झालेली युक्ती. या विभाजनानंतर फोन सुरू न होणे, ॲप गायब होणे, कार्ड ‘कोरे’ किंवा ‘खराब’ दिसणे असे बिघाड उद्भवतात. त्यांतील बहुतेकांत कार्डावरची माहिती शाबूत असते. फोन सुरू होताना कार्डाशी जोडणारा दुवा तेवढा तुटलेला असतो. म्हणून फॉरमॅट हा या दुरुस्तीतला शेवटचा उपाय आहे.

पार्श्वभूमी. पहिल्या पिढीतील स्वस्त अँड्रॉइड फोनांत ॲपसाठी फारच थोडी जागा असे. २०११ मध्ये आलेल्या सॅमसंग गॅलेक्सी वाय या लोकप्रिय फोनमध्ये वापरकर्त्याला सुमारे १८० एमबी जागा मिळे. व्हॉट्सॲप, फेसबुक आणि एखादा खेळ टाकला की ‘जागा अपुरी’ ही सूचना येई. मे २०१० मध्ये जाहीर झालेल्या अँड्रॉइड २.२ मध्ये ॲप कार्डावर हलवण्याची सोय आली, पण ती अर्धवट होती. ॲपची मुख्य फाइल कार्डावर जाई. ॲपची माहिती आणि ते चालवण्यासाठी तयार होणारी डाल्विक फाइल फोनमध्येच राही. सप्टेंबर २०१४ मध्ये भारतात आलेल्या मायक्रोमॅक्स, कार्बन व स्पाइस यांच्या अँड्रॉइड वन फोनांतही एकूण साठवण ४ जीबीच होती. या अडचणीतून लिंक-टू-एसडी यांसारखी ॲप लोकप्रिय झाली. त्यांना रूट आणि विभागलेले कार्ड या दोन्ही गोष्टी लागतात.

मराठी वापरकर्त्याला रूट करण्याचे आणखी एक कारण होते. अँड्रॉइड २.३ पर्यंतच्या अनेक फोनांत देवनागरी अक्षरांऐवजी रिकामे चौकोन दिसत. प्रणालीच्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये देवनागरी असलेला फॉन्ट बसवण्यासाठी रूट लागे, आणि तो बसवूनही जोडाक्षरे व वेलांट्या विस्कटलेल्याच राहत. मराठी संदेश वाचता यावेत म्हणून रूट झालेला फोन पुढे जागेसाठी विभाजनालाही तयार असे.

रचना. कार्डाचा पहिला भाग फॅट३२ या फाइल-रचनेत असतो. फोटो, गाणी, व्हॉट्सॲपमधील चित्रे व चित्रफिती इथे राहतात. दुसरा भाग लिनक्सच्या ईएक्सटी२, ईएक्सटी३ किंवा ईएक्सटी४ रचनेत असतो आणि त्यात ॲपच्या फाइली जातात. दोन्ही भाग ‘प्रायमरी’ (मुख्य, ‘लॉजिकल’ उपभाग नव्हे) लागतात आणि फॅट३२ पहिला लागतो, कारण अँड्रॉइड कार्डाचा पहिला भागच फोटो-गाण्यांसाठी उघडतो. फोन सुरू होताना एक छोटी स्क्रिप्ट दुसरा भाग माउंट करते, म्हणजे प्रणालीला जोडते. फोनच्या आत ॲपच्या मूळ जागी फक्त दुवा उरतो. तो दुवा कार्डावरील खऱ्या फाइलीकडे नेतो. रूटची परवानगी, स्क्रिप्ट, कर्नल (प्रणालीचा गाभा), कार्डाच्या विभागांचा तक्ता, दुसऱ्या भागाची फाइल-रचना आणि दुवे अशी ही साखळी आहे. एकही कडी निसटली की ॲप दिसेनाशी होतात.

बिघाड आणि कारणे. (१) ‘माउंट स्क्रिप्ट तयार होत नाही’ : दुसरा भाग सापडला नाही, तो लॉजिकल स्वरूपात केला गेला, किंवा त्याची फाइल-रचना फोनच्या कर्नलला समजत नाही. कर्नल कोणत्या रचना ओळखतो याची यादी ‘प्रोक’ फोल्डरमधील ‘फाइलसिस्टिम्स’ या फाइलीत मिळते. ईएक्सटी४ तिथे नसेल तर दुसरा भाग ईएक्सटी३ किंवा ईएक्सटी२ मध्ये करावा लागतो.

(२) सुरुवातीला चाललेली ॲप फोन पुन्हा सुरू केल्यावर नाहीशी होतात : स्क्रिप्ट चाललेली नसते. फोनमध्ये नवे रॉम (बदललेली संपूर्ण प्रणाली) किंवा अद्ययावत आवृत्ती टाकली की सिस्टिम भाग पुन्हा लिहिला जातो आणि स्क्रिप्ट पुसली जाते. लिंक-टू-एसडीमधून ती पुन्हा तयार करून फोन बंद-चालू केला की ॲप परत येतात. अँड्रॉइड ४.३ पासून सुरक्षेचे नियम कडक झाले. ज्या फोनांत रूटची परवानगी सांभाळणारे सुपरएसयू हे ॲप होते तिथे ‘माउंट नेमस्पेस सेपरेशन’ ही खूण काढावी लागे, नाहीतर जोडलेला भाग इतर ॲपना दिसत नसे.

(३) जागा असूनही ‘जागा अपुरी’ : ॲपची माहिती अजून अंतर्गत साठवणीतच असते आणि ती जवळजवळ भरली की प्रणाली नवे ॲप घेत नाही. जुन्या आवृत्त्यांत अर्धवट राहिलेल्या इन्स्टॉलची एक तात्पुरती फाइलही आड येई. कार्डावरील ‘अँड्रॉइड-सिक्युअर’ या लपलेल्या फोल्डरमध्ये ती सापडते. तेवढीच काढली की इन्स्टॉल पुढे जाते.

(४) फोन कंपनीच्या चिन्हावर अडकतो : कार्ड काढून फोन सुरू करून पाहावा. सुरू झाला तर दोष कार्डात किंवा दुव्यांत आहे. मात्र कार्डाविना फोन पूर्ण सुरू होऊ दिला, तर तुटलेल्या दुव्यांची ॲप प्रणालीच्या यादीतून गळू शकतात. म्हणून ही चाचणी एकदाच करावी आणि ॲपची माहिती महत्त्वाची असेल तर आधी रिकव्हरीतून, म्हणजे फोनच्या दुरुस्ती-पडद्यावरून, बॅकअप घ्यावा.

(५) संगणक ‘डिस्क फॉरमॅट करा’ म्हणतो : विंडोजला ईएक्सटी रचना वाचता येत नाही, म्हणून ती तो भाग कोरा समजते. काढता येण्याजोग्या साधनाचे एकाहून अधिक भाग विंडोज १० च्या २०१७ मधील आवृत्तीपासून दिसू लागले आणि ही सूचना तेव्हापासून जास्त येऊ लागली. ‘नको’ हेच तिचे उत्तर. या एका होकाराने चालू असलेली असंख्य कार्डे पुसली गेली आहेत.

(६) पुसलेले फोटो बंद-चालू केल्यावर पुन्हा दिसतात : कार्डाचे आयुष्य संपत आले की त्यातील नियंत्रक लेखन थांबवतो. हे कार्ड आता केवळ वाचता येते. दुरुस्तीचा नाद सोडून त्यातील सर्व माहिती लगेच दुसरीकडे उतरवावी.

(७) बनावट कार्ड : वर ३२ जीबी छापलेले, आत प्रत्यक्षात त्याच्या अंशाइतकीच जागा असलेले कार्ड. ॲप असलेला दुसरा भाग कार्डाच्या शेवटी असतो, म्हणजे नेमका अस्तित्वातच नसलेल्या जागेत. त्यामुळे फोटो-गाणी व्यवस्थित दिसत असताना ॲप मात्र रोज बिघडतात. रिकाम्या कार्डावर विंडोजमध्ये एचटूटेस्टडब्ल्यू किंवा लिनक्समध्ये एफथ्री चालवले की खरी जागा कळते.

तपासणीचा क्रम. आधी पहिल्या भागातील फोटो, गाणी व चित्रफिती संगणकावर उतरवाव्यात. मग रूटची परवानगी चालू आहे का ते पाहावे. ती नसेल तर पुढचे काहीच चालणार नाही. नंतर टर्मिनल ॲपमधून ‘प्रोक’ फोल्डरमधील ‘पार्टिशन्स’ ही यादी उघडावी. कार्डाचा दुसरा भाग तिथे ‘पी२’ अशा शेवटाने दिसायला हवा. दिसत असेल पण जोडला जात नसेल, तर कार्ड लिनक्स संगणकाला लावून ईटूएफएससीके या साधनाने फाइल-रचना दुरुस्त करावी. त्यानंतर स्क्रिप्ट पुन्हा तयार करावी, फोन पूर्ण बंद करून सुरू करावा, आणि अखेरीस ॲपचे दुवे पुन्हा जोडावेत. एवढे करूनही दोष राहिला तरच नव्याने विभाजन करावे.

नवे विभाजन संगणकावर जीपार्टेड किंवा मिनीटूल यांसारख्या साधनाने करणे चांगले. क्लॉकवर्कमॉड रिकव्हरीतील विभाजनाचा पर्याय सोपा वाटतो, पण तो संपूर्ण कार्ड पुसतो. विभागाची सुरुवात ४ एमबीच्या पटीत ठेवली की कार्डावर लेखनाचा भार कमी पडतो. ईएक्सटी२ मध्ये जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, नसते. त्यामुळे लेखन कमी होते, पण फोन अचानक बंद पडला तर रचना बिघडण्याचा धोका वाढतो. बॅटरी जुनी असेल तर ईएक्सटी४ अधिक भरवशाचे.

माहिती वाचवणे. चुकून विभाजन किंवा फॉरमॅट झाले तर त्या कार्डावर नवे काहीही लिहू नये. एक नवा फोटोही जुन्या फोटोची जागा घेऊ शकतो. आधी संपूर्ण कार्डाची प्रतिमा संगणकावर घ्यावी आणि पुढचे प्रयोग त्या प्रतिमेवर करावेत. टेस्टडिस्क हे मोफत साधन हरवलेला विभागांचा तक्ता परत बसवू शकते. फोटोरेक तक्त्याविनाही फोटो आणि चित्रफिती शोधून काढते.

खानदेशातील स्थिती. जळगाव-धुळे भागात या बिघाडांना स्थानिक परिस्थितीही हातभार लावते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि डेटा स्वस्त झाला. त्यापूर्वी गाण्यांचे व चित्रफितींचे वाहन मेमरी कार्ड हेच होते. मोबाइलच्या दुकानात जाऊन कार्ड ‘भरून’ घेतले जाई आणि त्यात हिंदी-मराठी गाण्यांसोबत अहिराणी गाणीही असत. जळगावचे गोलाणी मार्केट मोबाइल विक्री-दुरुस्तीसाठी परिचित आहे. भरून घेण्यासाठी घरचे कार्ड सतत दुकानांतील संगणकांना जोडले जाई, तेव्हा दुसरा भाग अनोळखी म्हणून फॉरमॅट होण्याची शक्यताही वाढे.

बिघाडाची दोन स्थानिक कारणे इथे विशेष महत्त्वाची. पहिले भारनियमन. विभाजन चालू असताना घरातील डेस्कटॉप संगणकाची वीज गेली तर विभागांचा तक्ता अर्धवट लिहिला जातो आणि अख्खे कार्ड कोरे दिसते. हे काम लॅपटॉपवर किंवा यूपीएस असलेल्या संगणकावरच करावे. दुसरे ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांवर जातो. मायक्रोएसडी कार्ड साधारणपणे उणे २५ ते ८५ अंश सेल्सिअस तापमानासाठी बनवलेले असते, त्यामुळे या उन्हाने ते स्वतः मरत नाही. मात्र दुचाकीच्या होल्डरमध्ये किंवा शेताच्या बांधावर उन्हात पडलेला फोन तापून मध्येच बंद होतो आणि त्या क्षणी चालू असलेले लेखन अर्धवट राहून फाइल-रचना बिघडते. उन्हाळ्यात अशा फोनची ॲप वारंवार गळत असतील तर आधी बॅटरी तपासावी.

आजची स्थिती. ऑक्टोबर २०१५ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ६.० ने कार्डच अंतर्गत साठवण म्हणून स्वीकारण्याची अधिकृत सोय दिली. ती देणे-न देणे कंपनीच्या हाती राहिले. या सोयीत कार्ड कूटबद्ध होते आणि त्याची किल्ली फोनमध्येच राहते. फोन फॅक्टरी रीसेट केला की किल्ली जाते आणि कार्डावरील माहिती कोणालाच वाचता येत नाही; म्हणून इथेही बॅकअपला पर्याय नाही. ॲपसाठी कार्ड घेताना ए१ ही खूण पाहावी. २०१६ मध्ये आलेल्या या वर्गात सेकंदाला किमान १,५०० वाचन व ५०० लेखन क्रियांची हमी असते, आणि ॲपला मोठ्या चित्रफितीच्या वेगापेक्षा हीच क्षमता लागते.

डिसेंबर २०१६ मध्ये भीम ॲप आल्यावर फोन पैशाच्या व्यवहाराचे साधन झाला. अनेक बँकांची व यूपीआयची ॲप रूट केलेल्या फोनवर चालण्यास नकार देतात, आणि हा नकार ग्राहकाच्या हिताचा आहे : रूटची परवानगी मिळालेले फसवे ॲप दुसऱ्या ॲपची माहिती वाचू शकते. रूट केलेला जुना फोन गाणी, वाचन, मुलांचा अभ्यास यांसाठी अजूनही उत्तम चालतो. बँकेचे व्यवहार मात्र रूट न केलेल्या फोनवर ठेवावेत. कार्ड दुरुस्तीला देताना ‘याचे दोन भाग आहेत, फॉरमॅट करू नका’ असे दुकानदाराला आधीच सांगावे आणि आपल्या फोटोंची दुसरी प्रत घरी ठेवूनच ते हातातून सोडावे.